वाचकांचे प्रश्न : हालश्टाटचे सरोवर आणि बाड इशलचे खारे पाणी

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे ऑस्ट्रियात साल्झबर्गला जाणार आहोत. तेथून एका दिवसात हालश्टाटचे सरोवर पाहून यावे, असे त्याने ठरवले आहे. वाटेवर बाड इशल नावाचे जुने स्नानाचे गाव आहे, असे कळते. तेथे आपल्या राजापूरजवळच्या उन्हाळ्यासारखे गरम पाण्याचे झरे आहेत काय? यजमानांच्या गुडघ्यांना त्या पाण्याचा उपयोग होईल काय? आणि वेळ थोडा असल्यास दोहोंपैकी काय पाहावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्याकडे स्नानाचे गाव म्हटले की उन्हाळी आणि गंधकाचा वास आठवतो, त्यामुळे आपला पहिला प्रश्न स्वाभाविक आहे. इशलची कीर्ती मात्र उन्हाळ्यांवर उभी नाही. ती मिठवणीवर, म्हणजे मिठाच्या दाट पाण्यावर उभी आहे. उपवासाला आपण जे सैंधव वापरतो, ते जसे समुद्राचे नसून डोंगरातले असते, तसेच हेही मीठ डोंगरातले. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी तेथे असलेला उथळ समुद्र आटला, त्याच्या मिठाचे थर गाळाखाली दबले आणि पुढे आल्प्स पर्वत उचलला गेला तेव्हा ते त्याच्या पोटात राहिले. डोंगरात गोडे पाणी सोडून मीठ विरघळवायचे, ते खारे पाणी बाहेर आणायचे आणि आटवून मीठ काढायचे, ही तेथील जुनी रीत. या साऱ्या मुलखाला साल्झकामरगुट म्हणतात. त्यातला ‘साल्झ’ म्हणजे मीठच.

हालश्टाटचे सरोवर हिमयुगातील हिमनदीने कोरलेले आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ५०८ मीटर उंचीवर असून १२५ मीटर खोल आहे. काठ आणि कडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव बसले आहे. जागेची चणचण एवढी की जुनी थडगी उकरून त्यांतील कवट्या एका लहान खोलीत ठेवण्याची चाल पडली. त्यांतल्या सहाशेहून अधिक कवट्यांवर फुले, पाने आणि मृतांची नावे रंगवलेली आहेत. पाहताना भीती वाटत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण जपावी तसा तो भाव आहे.

गावाच्या वर, डोंगरातल्या खाणीत इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला लाकडी जिना मिठामुळे न कुजता टिकला आहे. खाणीचा अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर याने १८४६ ते १८६३ या काळात तेथील सुमारे एक हजार प्राचीन थडगी उकरली आणि त्यांची काळजीपूर्वक चित्रे काढून घेतली. त्या शोधामुळेच युरोपच्या आरंभीच्या लोहयुगाला ‘हालश्टाट संस्कृती’ हे नाव मिळाले. १९९७ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आपल्याला वेळ असेल तर केवळ काठावरून छायाचित्र घेऊन परतू नये, खाण अवश्य पाहावी.

सरोवर आणि इशल यांना जोडणारी गोष्टही मिठाचीच आहे. मीठ आटवायला लाकूड फार लागते. जवळचे जंगल पुरेनासे झाले, तेव्हा लाकूड मिठाकडे आणण्यापेक्षा खारे पाणीच लाकडाकडे न्यावे, असे ठरले. १५९५ ते १६०७ या काळात सुमारे तेरा हजार झाडांचे बुंधे आतून पोखरून, एकाला एक जोडून, हालश्टाटपासून इशलमार्गे एबेनझे या गावापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरची नळवाट घातली गेली. पाणी केवळ उतारावरून वाहत असे. सरोवरातून निघणारी ट्राउन नदीही त्याच दिशेने इशलमधून पुढे जाते. त्यामुळे आपण एकाच पाण्याच्या काठाने प्रवास कराल.

इशलमध्ये मिठागरातील कामगारांवर मिठवणीच्या स्नानाने उपचार होत असत. ते पाहून व्हिएन्नाचे वैद्य फ्रान्झ विरर यांनी त्याचा प्रसार केला आणि १८२०च्या दशकात तेथे स्नानासाठी थोरामोठ्यांची ये-जा सुरू झाली. १८२४ साली लग्न झालेल्या राजस्नुषा सोफी यांना काही वर्षे मूल नव्हते. त्या इशलला आल्या आणि १८३० साली पुढे ऑस्ट्रियाचे सम्राट झालेले फ्रान्झ योझेफ जन्मले. लोकांनी त्यांना व त्यांच्या भावांना ‘मिठाचे राजपुत्र’ म्हटले. याच गावी १८५३ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफ यांची एलिझाबेथ यांच्याशी सोयरीक ठरली आणि येथल्याच ग्रीष्मकालीन वाड्यात २८ जुलै १९१४ रोजी त्यांनी सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या घोषणेवर सही केली. तो वाडा आजही पाहता येतो.

यजमानांच्या गुडघ्यांविषयी : दाट खाऱ्या पाण्यात शरीर तरंगते, सांध्यांवरचा भार हलका होतो आणि कोमट पाण्याने स्नायू सैल पडतात, एवढा आराम निश्चित मिळेल, गुडघ्यांची झीज मात्र त्याने भरून येत नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि अंगावर उघडी जखम असताना त्या पाण्यात उतरू नये.

दोहोंपैकी एक निवडण्याची गरज नाही. साल्झबर्गहून बसने प्रथम इशलला जावे आणि तेथून रेल्वेने हालश्टाट स्थानकावर उतरावे. हा टप्पा जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. स्थानक सरोवराच्या पूर्व काठावर, गाव पश्चिम काठावर, आणि मध्ये गाडीच्या वेळेला जुळणारी होडी असते. परतीची शेवटची होडी किती वाजता सुटते, हे मात्र उतरल्याबरोबर विचारून ठेवावे.