गेश्टाल्टुंग म्हणजे डिझाइनच का?

पुण्यात जर्मन शिकून आता भाषांतराची कामं करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. बाउहाउस या जर्मनीतल्या गाजलेल्या कलाशाळेच्या काळातल्या वस्तूंवरची एक प्रदर्शन-पुस्तिका त्यांच्याकडे जर्मनमधून इंग्रजीत करायला आली आहे. त्या लिहितात, ‘गेश्टाल्टुंग, फॉर्मगेबुंग आणि एन्टवुर्फ, तिन्हींना कोश डिझाइन हाच शब्द देतो. सगळीकडे डिझाइन लिहून टाकलं तर चालेल का? आणि नॉये झाखलिशकाइट या चित्रकलेतल्या प्रवाहाला न्यू ऑब्जेक्टिव्हिटी म्हणणं बरोबर आहे का?’

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, पण नाइलाजाने. आणि दोन्हींसाठी माझा एकच सल्ला आहे: कोश उघडण्याआधी मजकुराचं साल बघा. कलेच्या क्षेत्रातले जर्मन शब्द १९०० ते १९७० या काळात इतके हलले आहेत, की एकाच शब्दाला १९१४ साली एक इंग्रजी प्रतिशब्द लागतो आणि १९५३ साली दुसरा.

सगळ्यात अडवणूक करणारा शब्द गेश्टाल्टुंग. गेश्टाल्ट म्हणजे रूप, आकार. गेश्टाल्टेन म्हणजे रूपाला आणणं, घडवणं. त्याला ‘-उंग’ लागून नाम होतं. हा प्रत्यय मराठी माणसाला खरं तर सोपा जायला हवा, कारण आपला ‘-णी’ पुष्कळदा हेच काम करतो. ‘अंकाची मांडणी चालू आहे’ म्हटलं की ती क्रिया असते आणि ‘अंकाची मांडणी सुरेख झाली आहे’ म्हटलं की त्या क्रियेचं फळ. आखणी, बांधणी, जुळणी यांचंही तसंच. गेश्टाल्टुंगमध्ये घडवण्याचं चाललेलं काम आणि घडून पुढ्यात आलेली गोष्ट, दोन्ही असतात, आणि १९२०च्या दशकातल्या लेखकांना त्यातलं पहिलंच जास्त प्यारं होतं.

चित्रकार पाउल क्लेने तर हे उघडच लिहून ठेवलंय. क्ले १९२१ ते १९३१ बाउहाउसमध्ये शिकवत होता. त्याच्या टिपणांची हजारो पानं बर्नच्या त्सेंट्रुम पाउल क्लेमध्ये आहेत. त्यात तो म्हणतो, की गेश्टाल्टुंगची विद्या ही आकाराचीच विद्या आहे, पण तिचा भर आकारापर्यंत नेणाऱ्या वाटांवर आहे, आणि ही गोष्ट त्या शब्दाच्या शेवटातूनच कळते. चित्रकार चक्क प्रत्ययावर बोट ठेवतोय! अशा ठिकाणी भाषांतरात डिझाइन लिहिलं, तर क्लेचं वाक्यच निरर्थक होतं. तो ज्या शेवटाबद्दल बोलतोय तो इंग्रजी शब्दाला आहेच कुठे? तिथे फॉर्मेशन, शेपिंग, फॉर्म-गिव्हिंग असं काहीतरी घ्यावं लागतं आणि मूळ जर्मन शब्द एकदा तरी दाखवावा लागतो. बर्लिनमध्ये १९२३ साली हान्स रिश्टरने ‘गे’ नावाचं मासिक काढलं. एका अक्षराचं नाव, त्यातला ‘गे’ गेश्टाल्टुंगचाच. अलीकडे त्याचा इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा उपशीर्षकातल्या गेश्टाल्टुंगला फॉर्म-क्रिएशन असं केलं गेलं. कानाला बोजड लागतं, पण अर्थाला धक्का लागत नाही. मी तरी हीच बाजू घेईन.

डिझाइनवर माझा इतका आक्षेप का, तर त्या इंग्रजी शब्दाचा तेव्हाचा संसार वेगळा होता. इटालियन दिसेन्यो म्हणजे रेखाटन, ते त्याच्या घराण्यातलं. लंडनमध्ये १८३७ साली सरकारने स्कूल ऑफ डिझाइन काढलं, ते गिरणीतलं कापड, भिंतीचा कागद, चिनी मातीची भांडी यांवर चांगली नक्षी यावी म्हणून. आपल्याकडेही जुन्या कापड-दुकानात ‘यात दुसरं डिझाइन दाखवा’ म्हणजे दुसरी नक्षी दाखवा. आणि बाउहाउसचा संस्थापक ग्रोपियस, त्याच्या मंडळींना नेमकी हीच वरून चिकटवलेली नक्षी नको होती. वस्तू आतून कशी घडते, कोणत्या मालाची, कशासाठी, हे त्यांच्या डोक्यात होतं.

मग आज आपल्याला डिझाइन म्हटल्यावर तोच अर्थ का सुचतो? तर याच मंडळींमुळे, निदान बऱ्याच अंशी. नाझींच्या दबावाखाली १९३३ साली बाउहाउस बंद झालं आणि माणसं पांगली. तिथे शिकवलेल्या मोहोली-नॉजने १९३७ साली शिकागोत न्यू बाउहाउस काढलं, तेच पुढे स्कूल ऑफ डिझाइन आणि १९४४पासून इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन झालं. म्हणजे गेश्टाल्टुंगचा अर्थ डिझाइनच्या पोटात शिरला आणि तो शब्द फुगला. म्हणून १९५०नंतरच्या मजकुरात गेश्टाल्टुंगला डिझाइन म्हणायला माझी हरकत नाही. १९२३च्या मजकुरात आहे.

संस्थांच्या नावांत मात्र तत्त्वज्ञान करत बसू नका. बाउहाउस वायमारहून देसाउला गेलं आणि १९२६मध्ये त्याने स्वतःला होखशूले फ्युअर गेश्टाल्टुंग हे उपपद लावून घेतलं. उल्मला १९५३ साली सुरू झालेल्या आणि १९६८ साली बंद पडलेल्या संस्थेचं नावही तेच. इंग्रजीत ती उल्म स्कूल ऑफ डिझाइन म्हणूनच ओळखली जाते. (मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर उभं राहिलं, त्यात मोठा वाटा असलेले सुधाकर नाडकर्णी या उल्मचेच विद्यार्थी.) पण ओफेनबाखची होखशूले फ्युअर गेश्टाल्टुंग इंग्रजीत स्वतःला युनिव्हर्सिटी ऑफ आर्ट अँड डिझाइन म्हणवते. जर्मन शब्द तोच, इंग्रजीत एकीकडे डिझाइन आणि दुसरीकडे आर्ट अँड डिझाइन. संस्था स्वतःला जे म्हणवते ते लिहायचं, सुधारायला जायचं नाही. होखशूलेचं हायस्कूल मात्र कृपा करून करू नका. ते पदवीचं शिक्षण देणारं ठिकाण आहे, दहावीचं नव्हे.

आणि गेश्टाल्टुंग दिसला की तो कलेतलाच असेल असंही समजू नका. बूखगेश्टाल्टुंग म्हणजे पुस्तकाची मांडणी-सजावट, तिथे बुक डिझाइन चपखल बसतं. फ्राइत्साइट-गेश्टाल्टुंग म्हणजे मात्र रिकामा वेळ कसा घालवायचा, एवढंच.

फॉर्मगेबुंगचं सोपं आहे. शब्दशः रूप देणं. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यात होणाऱ्या वस्तूंच्या संदर्भात हा शब्द जोरात होता. पश्चिम जर्मनीत १९५३ साली राट फ्युअर फॉर्मगेबुंग स्थापन झाली, ती इंग्रजीत स्वतःला जर्मन डिझाइन कौन्सिल म्हणवते. पूर्व जर्मनीत फॉर्मगेश्टाल्टुंग म्हणायची पद्धत होती, त्या नावाचं सरकारी खातंसुद्धा होतं. पुढे जर्मनांनी डिझाइन हा शब्दच उचलला आणि हे सगळे शब्द मागे पडले. तुमच्या पुस्तिकेत फॉर्मगेबुंग आला तर बेलाशक इंडस्ट्रियल डिझाइन करा, मजकूर युद्धानंतरचा आहे एवढं बघून.

एन्टवुर्फ वेगळाच. हा आराखडा. कायद्याच्या मसुद्यालाही जर्मनमध्ये गेझेत्स-एन्टवुर्फ म्हणतात, म्हणजे तो अजून पक्का झालेला नाही. प्रदर्शनातल्या पाट्यांवर एन्टवुर्फ आणि आउसफ्युरुंग असे दोन शब्द जोडीने येतात: आराखडा कोणाचा आणि प्रत्यक्ष वस्तू केली कोणी. सोनाराच्या दुकानात नमुना एकाचा आणि घडणावळ दुसऱ्याची असते, तसंच. ही जोडी इंग्रजीत सरसकट डिझाइन्ड बाय, मेड बाय अशी उतरवली की बहुतेक काम भागतं. खरी गोची सालाची होते. आनी आल्बेर्सची १९२६च्या आसपासची काही भिंतीवरची विणकामं नंतर, साठच्या दशकात, तिची बाउहाउसमधली सहकारी गुंटा श्टॉल्झलने पुन्हा विणली. जर्मन पाटीवर दोन्ही सालं तिरप्या रेघेने जोडलेली असतात आणि जर्मन वाचकाला ती रेघ पुरते. इंग्रजी वाचकाला मात्र ती १९२६ ते १९६०-काहीतरी अशी सलग मुदत वाटते. तिथे आराखड्याचं साल आणि विणल्याचं साल असं फोडूनच लिहा.

एक वस्तू मुद्दाम जवळून दाखवतो, कारण बाउहाउसवरच्या पुस्तिकेत ती बहुधा येतेच. मारियाने ब्रान्टने १९२४ साली केलेली चहाची छोटी किटली. अर्धगोल पोट, खाली फुलीसारखा पाया, वर काळ्या एबनी लाकडाची अर्ध्या चकतीसारखी मूठ, झाकण मध्यावर नसून एका बाजूला सरकवलेलं. उंची सुमारे सात सेंटिमीटर, म्हणजे मुठीत मावेल इतकी. न्यू यॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या पाटीवर ती टीपॉट आहे, त्याच शहरातल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात टी इन्फ्यूजर. जर्मनमध्ये ती टे-एक्स्ट्राक्ट-केन्शेन: चहाच्या अर्काची किटुकली. हा जर्मन शब्दच वस्तूची उंची समजावतो. या किटलीतून चार जणांना चहा ओतायचा नसतोच. हिच्यात घट्ट अर्क करायचा, तो कपात थोडासा घ्यायचा आणि वर गरम पाणी ओतायचं. टीपॉट वाचणाऱ्याला वाटतं, ही बाउहाउसवाली माणसं, दिसायला सुंदर पण उपयोगाला शून्य अशी वस्तू केली. इन्फ्यूजर थोडं बरं. मी टी-एक्स्ट्रॅक्ट पॉट लिहीन, अर्धं वाक्य जोडून वापर सांगेन, आणि संपादकाने ते वाक्य कापलं तर भांडेन.

आता झाखलिशकाइट. झाखे म्हणजे गोष्ट, बाब. वादात कोणी तापलं की जर्मन माणूस ‘झाखलिश राहू या’ म्हणतो, म्हणजे मुद्द्याला धरून बोलू या. हिशेबी, फापटपसारा नसलेलं, भावनेने न भिजलेलं, हे सगळे रंग त्यात आहेत. मान्हाइमच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात त्याचा संचालक गुस्टाफ हार्टलाउबने १९२५ साली नॉये झाखलिशकाइट नावाचं प्रदर्शन भरवलं आणि तिथून ते एका प्रवाहाचं नाव झालं. त्याला ऑब्जेक्टिव्हिटी म्हणण्यातली अडचण अशी, की शास्त्रज्ञाच्या तटस्थपणासाठी जर्मनमध्ये ओब्येक्टिविटेट हा शब्द वेगळा आहेच. हार्टलाउबने तो वापरला नाही. आणि त्या चित्रांत तटस्थपणा कुठे आहे? ओटो डिक्सने १९२६ साली रंगवलेलं सिल्विया फॉन हार्डेन या पत्रकार बाईचं चित्र बघा. एका डोळ्याला काच, हातात सिगारेट, बोटं गरजेपेक्षा लांब, एक मोजा घसरलेला. चित्रकाराने काही झाकलेलं नाही हे खरं, पण तो निःपक्ष अजिबात नाही. मराठीत नव-वस्तुनिष्ठतावाद लिहितात, तो इंग्रजीवरून आलेला. मला विचाराल तर ‘नवा रोखठोकपणा’ मुळाच्या कितीतरी जवळ जातो.

इंग्रजीत काही अभ्यासकांनी न्यू सोब्रायटी करून पाहिलं, मॅटर-ऑफ-फॅक्टनेसही आलं. पण संग्रहालयांच्या पाट्या, ग्रंथालयांच्या नोंदी, लिलावाच्या याद्या सगळीकडे न्यू ऑब्जेक्टिव्हिटी रुजून बसलं आहे. प्रवाहाचं नाव म्हणून तेच ठेवा, वाचकाला शोधायला सोपं. मात्र तुमच्या पुस्तिकेत साधा, नॉये नसलेला झाखलिश आला, विशेषतः शतकाच्या सुरुवातीच्या मुटेझियससारख्या वास्तुकाराच्या तोंडी, तर तिथे ऑब्जेक्टिव्ह घालू नका. त्याला कामाला येणारं, अलंकार नसलेलं असं म्हणायचं असतं.

मुटेझियस निघालाच आहे तर टिपिझीरुंगही उरकतो. १९१४ साली कोलोनला वेर्कबुंड या कलावंत-कारखानदारांच्या संघटनेच्या सभेत त्याने याचा आग्रह धरला आणि वास्तुकार फान डे वेल्डेने कलावंताच्या स्वातंत्र्याच्या नावाने कडाडून विरोध केला. इंग्रजी पुस्तकांत याचं स्टँडर्डायझेशन झालं आणि वाद मापांचा, कारखानदारीचा वाटू लागला. मापं ठरवण्याला जर्मनमध्ये नोर्मुंग म्हणतात. आपण ए-फोर कागद वापरतो तो त्या नोर्मुंगचा प्रताप. टिपिझीरुंग म्हणजे वस्तूचा पक्का, सर्वमान्य नमुना मुरत जाणं. टाइप हा शब्द सांभाळणारं काहीतरी घ्या.

राहिले दोन सापळे. ‘डी प्लास्टिक’, स्त्रीलिंगी, म्हणजे शिल्प, आणि ‘डास प्लास्टिक’, नपुंसकलिंगी, म्हणजे बादलीचं प्लास्टिक. अनेकवचनात किंवा समासात लिंग दिसत नाही, तिथे यंत्राच्या भाषांतरावर विसंबू नका. योसेफ बॉइस या कलावंताच्या सोत्सियाले प्लास्टिकचं सोशल स्कल्प्चर होतं ते यामुळेच. आणि ग्राफिक म्हणजे इंग्रजी ग्राफिक्स नव्हे. संग्रहालयातली ग्राफिक म्हणजे छापचित्रं, म्हणून प्रिंट्स. जाहिरातीची, पोस्टरची कामं हवी असली की जर्मन लेखक गेब्राउख्सग्राफिक म्हणतो. त्याला १९२०च्या दशकातल्या मजकुरात कमर्शियल आर्ट म्हणा, तेव्हा इंग्रजीतही तेच चालायचं.

युगेन्टश्टील (आर नूवोचा जर्मन अवतार), गेझाम्टकुन्स्टवेर्क (अनेक कलांची मिळून एक कृती), किच (भडक, सवंग कला) हे इंग्रजीत जर्मन रूपातच रुळलेत, त्यांना हात लावू नका. युगेन्ट हे म्युनिकचं १८९६ साली निघालेलं मासिक होतं, त्यावरून ती शैली ओळखली जाऊ लागली. तिला यूथ स्टाइल म्हणण्यात काही हशील नाही. गेश्टाल्टुंग पहिल्यांदा येईल तिथे जर्मन शब्द तिरप्या टायपात, मोठ्या अक्षराने सुरू करून द्या आणि पुढे तुमचा निवडलेला प्रतिशब्द चालवा. दोन सालांच्या पाट्यांबद्दल मात्र अंदाज करू नका. ज्या संग्रहालयाची वस्तू आहे त्यांना पत्र टाका, कारण कोणतं साल कागदावरच्या आराखड्याचं आणि कोणतं वस्तूचं, हे त्यांच्या नोंदवहीतच सापडेल.