घरी जोडलेला डेस्कटॉप ९५ अंशांवर जाऊन बंद पडतो, लिक्विड कूलर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की गेम सुरू केला की काही सेकंदांत प्रोसेसर ९५ च्या वर जातो, मध्येच मशीन बंद पडतं आणि मित्र म्हणतो, "घरी जोडलेलं मशीन तापणारच, लिक्विड कूलर बसव." लिक्विड कूलरचं, म्हणजे पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणाऱ्या यंत्राचं, पुढे सांगतो. आधी मित्राच्या वाक्याचं बघू, कारण हेच वाक्य मी माझ्या दादाकडून दोन वर्षं ऐकलंय.

माझं पहिलं मशीन मी एकट्याने जोडलं. प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला कूलर होता, चार कोपऱ्यांना प्लास्टिकच्या खिट्ट्या असलेला. काही न करता तापमान ४५, आणि व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की बघता बघता ९८. दादा म्हणाला, "तयार घे म्हणून सांगत होतो." मग त्याने दोन जादा पंखे आणून लावले. फरक पडला दोन अंशांचा. मग पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता पोचवायला लावतात ती, बदलली. दोनदा.

मी सारखं सांगत होतो की हा हवेचा प्रश्न नाही. कॅबिनेटचं बाजूचं कव्हर काढून ठेवलं तरी आकडा हलत नव्हता. आत गरम हवा कोंडली असती तर कव्हर काढल्यावर आकडा उतरायला हवा होता. शिवाय हवा कोंडून तापायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात, इथे सेकंदांत ९८. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे प्रोसेसर ९८ दाखवत असताना कूलरच्या धातूच्या पात्यांना (पंख्याच्या नव्हे) बोट लावलं तर त्या जेमतेम कोमट. म्हणजे उष्णता धातूपर्यंत पोचतच नव्हती. तिथे पंखे वाढवून काय होणार?

एका रविवारी दादा घरी नसताना मी मदरबोर्डच बाहेर काढला. मागून पाहिलं तर तीन खिट्ट्यांची टोकं भोकातून पलीकडे येऊन फाकलेली आणि चौथी भोकातच अडकलेली. वरून बघाल तर चारही सारख्याच दिसत होत्या. कूलर उचलला. तीन बाजूंना पेस्ट इतकी पातळ पसरलेली की खालचा धातू दिसत होता, चौथ्या कोपऱ्यात जाड थर तसाच. कूलर तिरका बसला होता. पहिल्यांदा मी आणि नंतर दोन्ही वेळा दादाने, बोर्ड कॅबिनेटमध्येच ठेवून खिट्ट्या दाबल्या होत्या. तसं दाबलं की बोर्ड वाकतो, हाताला वाटतं बसली, आणि ती बसलेली नसते. पेस्ट बदलताना दादाने जुनी सरळ पुसून टाकली, तिचा ठसा बघितलाच नाही.

बोर्ड टेबलावर ठेवून, समोरासमोरच्या तिरक्या जोडीने खिट्ट्या दाबल्या, प्रत्येकीचा 'टक्' ऐकला, मागून टोकं तपासली. तोच व्हिडिओ, तीच सेटिंग, ७१ अंश. दादा अजूनही म्हणतो की तिसऱ्यांदा लावलेली पेस्ट लागू पडली. पेस्ट त्याच ट्यूबमधली होती.

म्हणून लिक्विड कूलर आत्ता घेऊ नका. त्याचा ब्लॉकही, म्हणजे प्रोसेसरला टेकणारा धातूचा ठोकळा, प्रोसेसरवर असाच दाबून बसवावा लागतो, तिरका बसला तर तोही तापणार, वर पंप नावाची बिघडू शकणारी आणखी एक वस्तू. आधी कव्हर काढून गेम चालवा. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष हवेचा: पुढचे पंखे हवा आत घेतायत आणि मागचा बाहेर टाकतोय ना ते बघा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, हवा तिकडून बाहेर पडते. पुढे बंद काच असेल तर हवा यायची कुठून? आकडा जागचा हललाच नाही तर कूलर काढून पुन्हा बसवा. काढताना खिट्ट्या बाणाच्या दिशेने फिरवल्या असतील तर बसवण्याआधी उलट फिरवून जागेवर आणा, नाहीतर त्या अडकत नाहीत.

तुम्ही प्रोसेसर कुठला ते लिहिलेलं नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतला (नावात X3D नसलेला) असेल तर पूर्ण भाराखाली ९५ ही त्याची ठरवलेलीच मर्यादा आहे, नुसत्या त्या आकड्याला घाबरू नका. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे प्रोसेसरला कमी वीज देणारी सोय, लावला तर तापमान बरंच खाली येतं आणि गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही. इंटेलचा वरच्या दर्जाचा असेल तर मदरबोर्डने वॅटची मर्यादा उठवलेली नाही ना, ते बघा. कोर आय९-१३९००के ची मूळ मर्यादा १२५ वॅट, टर्बोची, म्हणजे जादा वेगाने चालतानाची, २५३. काही बोर्ड ती पाळतच नाहीत. आणि ७०-७५ वर असतानाच मशीन बंद पडत असेल तर प्रोसेसरला सोडा, पॉवर सप्लाय किंवा ग्राफिक्स कार्ड तपासा.

कूलर काढलात तर पेस्ट पुसण्याआधी तिचा फोटो काढून मित्राला पाठवा. मी काढला नव्हता.