थंडीत तिखटाची आणि समुद्राची स्वप्नं, आणि बिलात चुका

ताई, नमस्कार. मी सोलापुरात एका कापड दुकानात हिशेबाचं काम करते. दिवाळी सरली, थंडी सुरू झाली की माझं मन कामावर राहत नाही. सकाळी साडेसहाला चहा-टोस्ट खाऊन निघते, डबा दोनला उघडतो. मध्येच साडेअकराच्या सुमाराला बिलं टाकता टाकता डोळ्यांसमोर काळ्या मसाल्याचा रस्सा आणि कडक भाकरी येते, नाहीतर मी कन्याकुमारीला समुद्राकाठी घामाघूम होऊन बसलेली असते. मागच्या आठवड्यात ४,८५० चे ८,४५० टाकले, मालक चारचौघांत बोलले. घरी सासूबाईंना ॲसिडिटी आहे, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, त्यामुळे आठ महिने सगळ्यांचाच स्वयंपाक सपक. नवरा म्हणतो, मे महिन्यात महाबळेश्वर पाहिजे, डिसेंबरात कन्याकुमारी, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ताई, मला काही झालंय का? आणि सासूबाईंना सोडून फिरायला जायचं मनात येतं, हे चूक आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

तुमचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. तुम्ही पत्रात तीन गोष्टी एकत्र लिहिल्यात: पोट रिकामं, जीभ आठ महिने उपाशी आणि घराबाहेर पडून बराच काळ लोटलेला. त्या सुट्या केल्या की प्रत्येकीवर इलाज आहे.

आधी तिखट आणि ऊब एकदम का आठवतात ते सांगते, म्हणजे मनातली भीती जाईल. आपल्या जिभेवर आणि कातडीत उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की तो जागा होतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच चाळवतं, म्हणून तिखट लागलं की आपण ‘जळजळलं’ म्हणतो. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर विभागून. ४३ अंश म्हणजे आपला सोलापूरचा मे महिना! तेव्हा गारठ्यात झणझणीत रस्सा आणि दमट किनारा जोडीनं आठवणं स्वाभाविक आहे. मात्र तिखटानं अंग तापत नाही. घाम येतो आणि उलट गारच होतं. ऊब पाहिजे असेल तर दुपारी दहा मिनिटं उन्हात उभं राहा. रात्री पारा १२ वर आला तरी दुपारी आपल्याकडे २९-३० अंश असतात, आणि तुम्ही तो सगळा वेळ दुकानात ट्यूबलाइटखाली काढता.

आता साडेअकरा. साडेसहाचा चहा-टोस्ट अकराच्या आत जिरून जातो, त्यानंतर मन ताटाकडेच धावणार. उद्यापासून निघताना अर्धी भाकरी खा आणि साडेदहाला खायला मूठभर शेंगा-गूळ किंवा उरलेली अर्धी भाकरी-चटणी बरोबर ठेवा. एवढ्यानं निम्मी स्वप्नं कमी होतील. उरलेल्यांसाठी वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहायची, ‘कन्याकुमारी, कोणती गाडी?’, आणि परत बिलावर यायचं. तो विचार डबा खाताना पुरा करा. दाबून टाकायला गेलात तर दिवसभर पाठ सोडणार नाही.

चुकीचं म्हणाल, तर ४,८५० आणि ८,४५० मधला फरक ३,६००, त्याला ९ नं पूर्ण भाग जातो. आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला ९ नं भाग जातोच. संध्याकाळी बेरीज जुळली नाही तर आधी हे तपासा, चूक कुठल्या जातीची ते लगेच कळतं. आणि जागेवरून उठायच्या आधी चालू रकाना संपवायचा. अर्धवट सोडलेल्या रकान्यातच घोटाळे होतात.

तिखटाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. पथ्य सासूबाईंचं आहे. ते सगळ्या घरानं पाळावं असं डॉक्टरांनी सांगितल्याचं तुमच्या पत्रात कुठं दिसत नाही. वेगळा स्वयंपाक करायला सकाळी वेळ नाही, हे मला कळतं. म्हणून आमटी एकच करा, तिखट वरून द्या. शेंगदाण्याची आमटी मीठ, गूळ, आमसूल आणि जिऱ्यावर करायची, त्यातली सासूबाईंची वाटी आधी काढून ठेवायची. मग उरलेल्यांसाठी तर्री. तीन मोठे चमचे तेल तापवून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा. एक चमचा ब्याडगीचं तिखट आणि एक चमचा काळा मसाला दोन चमचे पाण्यात कालवून त्यात सोडा. तडतडतं, तेव्हा जरा लांबून. मग पुन्हा मंद आचेवर तेल वर येईपर्यंत ठेवा. कोरडं तिखट कडकडीत तेलात टाकलं तर क्षणात करपतं, कडू लागतं आणि घरभर ठसका उठतो. तो ठसका सासूबाईंना आमटीपेक्षा जास्त त्रास देईल. ही तर्री स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते.

आणि डब्यासाठी शेंगा चटणी. विकतची आपल्याकडे उत्तम मिळते, तरी घरी करा, कारण तिखट तुमच्या हातात राहतं. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं भाजायचे. आच मोठी केली की टरफल काळं पडतं आणि आत दाणा कच्चाच राहतो, अशी चटणी चार दिवसांत उतरते. दाणे पूर्ण गार करून टरफलं पाखडून काढा. लसणाच्या १२-१५ पाकळ्या, एक लहान चमचा जिरं, दीड लहान चमचा मीठ, दोन मोठे चमचे तिखट. त्या तिखटात दीड चमचा ब्याडगी रंगाला आणि अर्धा लवंगी झणक्याला. उखळ असेल तर लसूण, जिरं, मीठ, तिखट आधी कुटून मग दाणे थोडे थोडे घाला, तेल सुटून चटणी बोटाला चिकटायला लागली की झाली. मिक्सरवर एकेक सेकंद थांबत फिरवायची. सलग फिरवलंत तर भांडं तापून गोळा होतो. लसूण धुतला असेल तर फडक्यावर सुकवून घ्या, पाण्याचा अंश राहिला की बुरशी धरते.

आठ महिन्यांनी एकदम पहिल्या दिवशी ताट लाल करू नका. जिभेची सवय मोडते, पोटाचीही. पहिला आठवडा चटणी दह्यात कालवून खा. तिखट फार लागलं तर पाण्यानं उतरत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या. आणि रात्री तिखट जेवलात तर आडवं व्हायच्या आधी दोन-तीन तास जाऊ द्या.

सासूबाईंनाही पुन्हा एकदा डॉक्टरांकडे न्या. आठ महिन्यांत पथ्य किती सैल करता येईल ते विचारा. गिळताना अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाला काळं होत असेल तर अजिबात थांबू नका.

प्रवासाचं बघू. नवऱ्याला कन्याकुमारी ऐकून खर्चाची धास्ती बसली असेल, म्हणून आधी जवळचं काढा: जानेवारीत एका रविवारी हुरडा. गूळभेंडी किंवा सुरतीचा हुरडा, गोवऱ्यांची आगटी, डोक्यावर ऊन, बरोबर चटणी, लसणाचा ठेचा आणि दही. तुम्हाला हवी असलेली ऊब आणि तिखट एकाच बांधावर मिळतं. कणसं दुधाळ आहेत तोवरच मजा, दाणा टणक झाला की हुरडा संपला, म्हणून संक्रांतीनंतर फार लांबवू नका. वर ताक प्या, हुरडा जड पडत नाही.

कन्याकुमारीला डिसेंबरात जाऊ नका. ईशान्य मान्सूनचा पाऊस तिकडे डिसेंबरातही असतो, आणि नाताळात लॉजचे भाव चढतात. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरा. पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, प्रवास एका दिवसापेक्षा जास्त आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, सकाळी ८ वाजता. १० फेब्रुवारीची गाडी असेल तर १२ डिसेंबरला. पण गाडी सुटते त्या स्थानकाची तारीख धरून हे दिवस मोजतात, आणि ही गाडी सोलापूरला मध्यरात्रीनंतर येते. एक दिवसाचा घोळ इथं हमखास होतो. नवऱ्याशी बोलाल तेव्हा ‘मला फिरायला जायचंय’ एवढंच सांगू नका, तारीख, गाडी, भाडं कागदावर लिहून पुढ्यात ठेवा.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांवर झोप लागेना, रडू येत राहिलं, हुरड्यातही मन लागेना, तर मग हे वेगळं आहे. तेव्हा डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. पाच दिवस बाहेर जायची इच्छा होणं यात चुकीचं काहीच नाही, आणि ती लपवायचीही गरज नाही. तिकीट काढायच्या आधी त्यांनाच विचारा, तुमच्याजवळ कोण राहिलेलं आवडेल? कदाचित त्या ‘मीही येते’ म्हणतील. तसं झालं तर त्यांचं तिकीट वेगळं काढा. ४५ वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा आहे, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघंच आणि दोघंही पात्र असतील तरच तो लागू होतो. तुमच्या दोघांबरोबर एकाच तिकिटावर घेतलंत तर त्यांना वरचा बर्थ यायचा. जेवणाची काळजी नको, तिकडे इडली आणि दहीभात कुठंही मिळतो, त्यांच्या पथ्याला तो चालेल.