'फॉग' या इंग्रजी शब्दाचे नेमके अर्थ कोणते? 'मिस्ट'पेक्षा तो वेगळा कसा?

'फॉग' म्हणजे धुके, परंतु हवामानशास्त्रात या शब्दाला मोजमाप आहे. जमिनीलगतच्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म जलकणांमुळे १००० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले तर 'फॉग' आणि त्याहून दूरचे दिसत असेल तर 'मिस्ट'. मराठीत आपण दोन्हींना धुकेच म्हणतो, म्हणून भाषांतरात 'दाट धुके' आणि 'विरळ धुके' असा भेद अवश्य करावा, असे मला वाटते.

आम्हा सातारकरांना हा फरक डोळ्यांनीच कळतो. पावसाळ्यात पसरणीच्या घाटातून पाचगणीकडे चढताना खालची वाई अंधूक का होईना दिसते, तोवर 'मिस्ट'. पुढच्या वळणावर समोरच्या एसटीचे फक्त लाल दिवे उरतात, तिथे 'फॉग'. खरे तर तिथे ढगच डोंगराला टेकलेला असतो. तासगावकडचे हिवाळी धुके निराळे: निरभ्र रात्री जमीन निवल्यामुळे ते पडते आणि द्राक्षाच्या पानांवर ओल टिकवून डाऊनी या बुरशीजन्य रोगाला वाट करून देते.

क्रियापद म्हणूनही हा शब्द चालतो. चहाच्या वाफेने चष्म्याची काच धूसर झाली की ती 'फॉग' झाली. डासांसाठी औषधाचा धूर सोडणे म्हणजे 'फॉगिंग'. 'आय हॅवन्ट द फॉगिएस्ट' याचा अर्थ मात्र 'मला यातले काहीएक ठाऊक नाही' असा होतो. त्याचे शब्दशः भाषांतर कृपया करू नये.