दातांसाठी सरकारचं काही राष्ट्रीय टार्गेट असतं का? आपल्याला त्याचा उपयोग काय?

टीबी-पोलिओसारखं दातांचं पण काही टार्गेट असतं का असं विचारलंयत, तर उद्दिष्टं असतात, पण आकड्यातलं टार्गेट नसतं, आणि उद्दिष्टं पण कोणाला माहीत नसतात. मी सरकारी दवाखान्यात डेंटिस्ट आहे म्हणून जरा आतलं सांगते.

२०१४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम काढला. तोंडाचे आजार कमी करायचे, दातांची तपासणी बाकीच्या आरोग्यसेवेला जोडायची वगैरे उद्दिष्टं आहेत. वाचायला छान, पण अमुक सालापर्यंत इतके टक्के असं त्यात काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्येच २००० सालासाठी आकडा दिला होता, की ५-६ वर्षांच्या निम्म्या मुलांना एकही कीड नको. असं असलं की मोजता येतं ना! आता त्यांचं २०३० चं टार्गेट आहे की ८० टक्के लोकांना दातांची मूलभूत सेवा मिळायला हवी.

आपल्याकडे कार्यक्रमातून मुख्यतः डेंटल चेअर, सामान आणि कंत्राटी माणसं यांना पैसे येतात. म्हणजे खुर्ची येते, मग कंप्रेसर बिघडतो आणि रिपेअरचं पत्र वर जाऊन बसतं. पेशंट पण ठणका लागल्यावरच येणार आणि आल्या आल्या "काढूनच टाका मॅडम". माझ्या मते खरं काम दात काढण्याच्या आधीचं आहे आणि ते रिपोर्टात दिसत नाही.

मिशरीचंच घ्या. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून, पण घरी तव्यावर तंबाखू भाजून डबीत भरून ठेवणाऱ्या बाईला कुठला कायदा अडवणार? "मी तंबाखू खात नाही, नुसते दात घासते" असं म्हणतात आणि गाल ओढून बघावं तर आत पांढरा चट्टा. २०१६-१७ च्या सर्व्हेत महाराष्ट्रात २६.६ टक्के मोठी माणसं तंबाखू वापरत होती, म्हणजे चौघात एक. (तरी गुटखा कुठे मिळतो ते सगळ्या गावाला माहीत असतं, असो.)

उपयोग म्हणाल तर आहे. तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगरसोबत तोंडाची पण तपासणी होते, आशाताई फॉर्म भरून घेतात तेव्हा तंबाखूचं खरं सांगा. शाळेत, अंगणवाडीत तपासणीची टीम येते ती दातही बघते, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. आरोग्य विभागाच्या दवाखान्यात ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार फुकट आहेत.

आणि घरात गुटखा-सुपारीवालं कोणी असेल तर आजच आरशासमोर उभं करा. स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी तोंडात गेली पाहिजेत. जात नसतील, तिखट लागलं की आग होत असेल किंवा चट्टा-जखम दोन आठवड्यांत बरी झाली नसेल तर मेडिकलमधून जेल आणून लावत बसू नका, सरळ उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर सिव्हिलला दाखवा.