रुमालाआधीचा ऑथेल्लो

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, वहीच्या पानाचा फोटोही मिळाला. मधोमध उभी रेघ, डावीकडे नावं, उजवीकडे दोष. मॅकबेथ : महत्त्वाकांक्षा. हॅम्लेट : चालढकल. लिअर : अहंकार. ऑथेल्लो : मत्सर. त्या शेवटच्या शब्दाखाली लाल शाईनं दोन रेघा, कारण शेक्सपिअरच्या नाटकातली भूमिका तुला ऑथेल्लोची मिळाली आहे. अक्षर सुरेख आहे. परीक्षेत या पानाला मार्कही पडतील. तालमीला येताना मात्र ते घरी ठेवून ये.

दोष करून दाखवता येत नाही रे. रंगमंचावर माणूस येतो, ऐकतो, उलट विचारतो, पाठ फिरवतो. 'मत्सर' करायला गेलास की फक्त भुवया चढतात. मी हे केलेलं आहे, म्हणून सांगतो. पंचविशीत मला हीच भूमिका मिळाली होती. पहिल्या प्रवेशापासून जबडा आवळून, डोळे बारीक करून वावरलो. हा गडी पुढे बायकोचा जीव घेणार, हे लोकांना आधीच कळायला नको का! तिसऱ्या अंकात खरंच काही घडायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे शिल्लक काहीच नव्हतं, मग आवाज चढवला. बायकोला दिलेला रुमाल हरवला यावरून गर्जलो आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो, धोब्याकडे बघा!" सगळं थिएटर हसलं. पुढे वाचनात आलं की थॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकारानं सतराव्या शतकाच्या अखेरीस हेच विचारलं होतं : एका रुमालापायी एवढा गदारोळ, मग नाटकाला 'रुमालाची शोकांतिका' का म्हटलं नाही? माझा प्रयोग बघून त्यानं याहून वाईट लिहिलं असतं.

नुसता संशयी नवरा हवा असेल तर तो आपल्याकडे आहे की, 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव! तिथेही एक हरवलेली वस्तू नको त्या हाती पडते, रुमालाऐवजी तसबीर, आणि घरात रणकंदन माजतं. आपण पोट धरून हसतो, कारण फाल्गुनराव पडदा उघडायच्या आधीपासूनच संशयी आहे. गंमत अशी, की ज्या देवलांनी हे लिहिलं त्यांनीच १८९० साली ऑथेल्लोला 'झुंझारराव' करून मराठी रंगभूमीवर आणलं. एकाच लेखकाला दोन्ही नवरे माहीत होते, आणि त्यांतला फरकही.

मग ऑथेल्लोचं काय चुकतं? ॲरिस्टॉटलचा जो शब्द आपण 'दोष' म्हणून पाठ करतो, 'हॅमार्शिया', त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं असा आहे. बाण चांगला, हात चांगला, आणि नेम चुकला. एवढं लक्षात ठेव आणि संहिता पुन्हा पहिल्या अंकापासून वाच. तुझं पान तिसऱ्या अंकापासून सुरू होतं, गफलत तिथेच आहे.

पहिल्या अंकात व्हेनिसची रात्रीची सभा भरली आहे. तुर्की आरमार सायप्रसकडे निघालंय, आणि त्या गडबडीत ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डिमोनाचा, बाप ओरडत येतो की ह्या मूरनं, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या सेनापती ऑथेल्लोनं, माझ्या पोरीवर चेटूक केलं. व्हेनिसचा प्रमुख, ड्यूक, काय म्हणतो? नुसतं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि ऑथेल्लो स्वतः सांगतो, तिला बोलावून घ्या, तिच्या बापासमोर तिलाच बोलू दे. ती येते, बोलते, तो सुटतो. म्हणजे आरोप झाला तर दोन्ही बाजू ऐकायच्या असतात, हे त्याला ठाऊक आहे. त्याचा संसारच त्यावर उभा राहिलाय.

दुसऱ्या अंकात सायप्रसला रात्री दारूच्या नशेत मारामारी होते. ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ याला शरमेनं बोलवत नाही, म्हणून काय झालं ते इयागोला, म्हणजे ऑथेल्लोच्या विश्वासातल्या पण आतून कपटी अशा हाताखालच्या अधिकाऱ्याला, विचारलं जातं. इयागो आढेवेढे घेतो, कॅसिओला सांभाळून घेतल्यासारखं करतो. ऑथेल्लो म्हणतो, तुझ्या प्रामाणिकपणामुळे आणि प्रेमामुळे तू हे सौम्य करून सांगतोयस. आणि तिथल्या तिथे कॅसिओची नोकरी जाते. या प्रवेशात मत्सराचा लवलेश नाही. तरी अख्खी शोकांतिका इथे एकदा छोट्या आकारात होऊन गेलेली आहे. एक साक्षीदार, तोही नाइलाजानं बोलतोय असं दाखवणारा, आणि झटक्यात निकाल. छावणीत हाच गुण लागतो. शत्रू दाराशी असताना सेनापती चौकशी समिती नेमत नाही. तोच गुण तो शयनगृहात घेऊन जातो.

आता तिसऱ्या अंकातला तो लांबलचक तिसरा प्रवेश बघ. डेस्डिमोना आणि कॅसिओ यांचं संधान आहे, हा आरोप इयागो जवळजवळ उघड करतच नाही. ऑथेल्लोचाच शब्द परत करतो. 'प्रामाणिक?' 'प्रामाणिक, महाराज?' 'वाटतं?' 'वाटतं, महाराज?' ऑथेल्लो उघड सांगतो की तुझं हे मध्येच थांबणं मला जास्त घाबरवतं. म्हणून तुझं काम ऐकण्याचं आहे. इयागो करणारा मुलगा जिथे थांबेल, तिथे तू त्याच्याकडे विश्वासानं बघ. संशयानं बघितलंस की प्रवेश मेला.

आणि रुमाल. तो कसा पडतो हे तुझ्या टिपणात कुठेच नाही. ऑथेल्लो म्हणतो, माझं कपाळ दुखतंय. ती लगेच रुमाल काढून बांधायला जाते. तो म्हणतो, छोटा आहे हा, राहू दे. रुमाल खाली पडतो, आणि तुम्हाला बरं नाही याचं मला फार वाईट वाटतं, असं म्हणत ती त्याच्यामागे आत जाते. त्याच्या दुखण्यापुढे तिला रुमालाची शुद्ध राहत नाही. आणि नको म्हणणारा तो स्वतः! पुढे ज्या रुमालापायी तो तिला जाब विचारतो, तो त्याच्याच 'राहू दे'नं जमिनीवर आलाय. याहून क्रूर काही मी रंगभूमीवर पाहिलेलं नाही.

पाचव्या अंकात ती बिछान्यावरून विनवते, त्या माणसाला, कॅसिओला, बोलवा, विचारा त्याला. पहिल्या अंकात यानं स्वतःसाठी जे मागितलं होतं आणि मिळवलं होतं, तेच ती मागते आहे. चौथ्या अंकात इयागोची बायको आणि डेस्डिमोनाची सखी एमिलिया हिची साक्ष तो घेतो खरा, पण निकाल आधीच लिहून झालेला असतो. तेव्हा पहिल्या अंकातलं ते 'तिला बोलवा' स्वच्छ, खणखणीत म्हण. प्रेक्षकाला ते शेवटी आठवलं पाहिजे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मॅकबेथ राजा डंकनच्या खुनाआधी बायकोला सरळ सांगतो की आता पुढे जायचं नाही. महत्त्वाकांक्षेच्या रकान्यात हे वाक्य कुठे बसवशील? मार्लोच्या नाटकातल्या फॉस्टसचं रक्त, सैतानाला आत्मा विकायच्या करारावर सही करताना, गोठतं. याचा अर्थ काय असेल, असं तो विचारतोही, आणि सैतानाच्या दूतानं आणलेल्या निखाऱ्यांवर ते पातळ करून सही करतोच. हॅम्लेट आणि ऑथेल्लो यांची अदलाबदल करून बघायचा खेळ जुना आहे, ब्रॅडली या इंग्रज टीकाकाराच्या १९०४ साली छापलेल्या व्याख्यानांपासून मास्तर लोक तो खेळतात, पण अजून मजा येते. ऑथेल्लो एल्सिनोरला, हॅम्लेटच्या राजवाड्यात, असता तर हॅम्लेटच्या बापाचा खुनी काका क्लॉडिअस पहिल्या अंकातच संपला असता. आणि हॅम्लेटनं इयागोला इतके उलटे प्रश्न विचारले असते की मध्यंतरात सगळे घरी! लिअरवर मी आज लिहीत नाही. तो शेवटी आपल्या मेलेल्या मुलीला, कॉर्डिलियाला, कवेत घेऊन एक गुंडी तेवढी सोडा म्हणतो, तिथे माझं डोकं चालत नाही.

तालमीत रुमाल म्हणून कागद किंवा टॉवेल वापरू नका, पहिल्या दिवसापासून खरा, नाटकातलाच वापरा. आणि तो पडला की तू खाली बघू नकोस. तुझं डोकं दुखतंय.

रविवारी येतो. मागच्या रांगेत बसेन, धोब्याचं नाव काढणार नाही.

तुझा,
सर