टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले म्हणजे स्ट्रेपच असे समजावे का?

ताई, आठ वर्षांच्या मुलाला काल अचानक १०२ अंश ताप भरला, घोट गिळताना तो कळवळतो आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, म्हणून मोठ्या भावाची उरलेली अँटिबायोटिकची बाटली द्यावी का, असे आपण विचारले आहे. कृपया ती देऊ नका. मी डॉक्टर नाही, परंतु कोल्हापुरात बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे.

पांढऱ्या ठिपक्यांवर आपला फार भर दिसतो. तसे ठिपके स्ट्रेपमुळे, म्हणजे घशाला होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या संसर्गामुळे येतात, तसे विषाणूमुळेही येतात. बॅटरीच्या उजेडात मुलाला 'आ' करायला लावून टाळूच्या मागच्या मऊ भागावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का, हे पाहावे आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या पुढच्या बाजूस हलकेच चाचपून दुखऱ्या गाठी लागतात का, याचा अंदाज घ्यावा; या दोन्ही स्ट्रेपकडे बोट दाखवणाऱ्या खुणा आहेत. याहून मोलाची खूण म्हणजे जे नाही ते: खोकला, वाहते नाक किंवा बसलेला आवाज असेल, तर स्ट्रेपची शक्यता बरीच कमी होते. लहान मुलांत पोटदुखी आणि उलटीही होते, त्यामुळे घरचे अपचनाचा संशय घेतात. अंगावर पॉलिश पेपरसारखी खरखरीत लाल पुरळ आली, तर तो स्कार्लेट फीवर, म्हणजे याच जिवाणूमुळे येणारा पुरळाचा ताप, असू शकतो.

सासूबाई रंकाळ्यावर खाल्लेल्या आइस्क्रीमला दोष देत आहेत, परंतु हा जिवाणू रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून पसरतो आणि लक्षणे साधारण २ ते ५ दिवसांनी दिसतात; तेव्हा वर्गात कोण आजारी होते, याची चौकशी करावी.

या सर्व खुणा जुळल्या तरी नुसत्या नजरेने निदान पक्के होत नाही, अनुभवी डॉक्टरांचीही चूक होते. घशाचा स्वॅब तपासावा लागतो आणि आधीच औषध दिले असेल, तर स्ट्रेप असूनही 'नाही' असा फसवा अहवाल येऊ शकतो. स्ट्रेप ठरल्यास पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन बहुधा १० दिवस देतात. दोन-तीन दिवसांत मूल खेळू लागते आणि औषध तिथेच थांबते, हे मी वारंवार पाहिले आहे. अर्धवट उपचारानंतर काही आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते.

उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मात्र लाळ गळू लागली, तोंड उघडेना, श्वासाला त्रास झाला किंवा घशात करड्या रंगाचा पापुद्रा दिसला, तर तो न खरवडता रात्रीच सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.